पटकीचे विष आणि डॉ. शंभुनाथ दे



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या हाताखाली मी याच इमारतीत विज्ञान शिकलो. सरांना फळ्यावर लिहिलेल्या उत्तरापेक्षा त्या उत्तराचा आधार महत्त्वाचा वाटे. एखाद्या मुलाने बिनचूक उत्तर दिले तरी ते चष्म्यावरून पाहत आणि एवढेच विचारीत, "कशावरून?" पुढे वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्र शिकविताना हा प्रश्न मी माझ्या विद्यार्थ्यांना इतक्या वेळा विचारला की त्यांनी मला त्याच नावाने ओळखावे, अशी परिस्थिती आली. निमंत्रण देताना चिटणीसांनी विषय माझ्यावर सोपविला. तेव्हा 'कशावरून' हा प्रश्न एका रोगाला ज्याने नेमक्या जागी विचारला, अशा एका वैद्याची कारकीर्द आपल्यासमोर मांडावी असे ठरविले. त्यांचे नाव डॉ. शंभुनाथ दे. ते बंगालचे, कलकत्त्याचे. आपल्यापैकी बहुतेकांनी हे नाव ऐकले नसेल. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. मी ज्या पाठ्यपुस्तकांवर परीक्षा दिल्या त्यांत त्यांचा प्रयोग होता, पण त्यांचे नाव नव्हते.

रोग होता पटकी, म्हणजेच कॉलरा. इंदूरकरांना या रोगाची ओळख करून देण्याची तशी गरज नाही. मरीमातेच्या नावाने आपल्या शहरात चौक आहे, तेथून रोज हजारो माणसे जातात. देशावर हीच देवी मरीआई किंवा जरीमरी या नावांनी ओळखली जाते. साथ आली की तिचा गाडा गाजावाजाने गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा, अशी जुनी रीत होती. शिवेपलीकडच्या गावाने तो आणखी पुढे ढकलायचा. साथ गावोगाव सरकते हे लोकांना ठाऊक होते. ती गाड्याने न जाता पाण्याने जाते, एवढेच ठाऊक नव्हते.

आमच्या घरात एक वृद्ध आत्याबाई होत्या. त्यांच्या लहानपणी घरातली दोन माणसे एका रात्रीत गेली. ती हकीकत सांगताना त्या एका गोष्टीपाशी नेहमी थांबत. रोगी पाणी पाणी म्हणून तडफडत होता आणि वडीलधाऱ्यांच्या आज्ञेने त्याला पाणी दिले नव्हते. पाणी दिले की जुलाब वाढतात, ही त्या काळची ठाम समजूत. ओल्या फडक्याने ओठ पुसायचे, तेवढेच. ही समजूत खेडवळ होती असे कोणी मानू नये. पोटातून काही देऊ नये, आतड्याला विश्रांती द्यावी, असे शिकले-सवरलेले डॉक्टरही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सांगत. त्यामागे एक कारण होते. पटकीत आतड्याची आतली त्वचा दाहाने जळून, सोलून निघते असे मानले जाई. सोललेले आतडे पाणी शोषणार कसे? मग ते पाजून काय उपयोग? म्हणजे रोगी कशाने मरतो याविषयीचे एक शास्त्रीय मत घराघरातल्या तांब्यावर हात ठेवून बसले होते. ते मत बरोबर आहे की चूक, हे ठरविण्यावर किती माणसांचे प्राण अवलंबून होते याची कल्पना आपण करू शकता.

आता थोडा इतिहास. १८५४ साली लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाच्या पाण्याकडे बोट दाखविले. १८८३ साली जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख इजिप्तमध्ये आणि तेथून कलकत्त्यास आले. १८८४ च्या आरंभी त्यांनी स्वल्पविरामाच्या आकाराचा जिवाणू पटकीच्या रोग्यांत सातत्याने सापडतो हे दाखविले. हा जिवाणू शरीरात शिरत नाही, आतड्यातच राहतो, तेव्हा तो एखादे विष सोडीत असावा, असा तर्कही कॉखनी तेव्हाच केला होता. पण तर्क निराळा आणि पुरावा निराळा. प्राण्यांना जंतू पाजले तर त्यांना पटकी होईना. म्युनिकच्या पेटेनकोफर यांनी तर १८९२ साली जंतूंचे द्रावण स्वतःच पिऊन दाखविले आणि किरकोळ जुलाबांपलीकडे त्यांना काही झाले नाही! पुढची सत्तर वर्षे संशोधक जंतूंचे अर्क प्राण्यांच्या कातडीखाली, शिरेत, उदरपोकळीत टोचत राहिले. प्राणी मरत, पण ते पटकीने मरत नसत. त्यांना जुलाब होत नसत. मेलेल्या जंतूंच्या शरीरातले विष रक्तात गेल्यावर जे होते तेच होई, आणि त्यालाच पटकीचे विष म्हणण्याची पद्धत पडली. सर असते तर त्यांनी चष्मा खाली घेतला असता.

शंभुनाथ दे यांचा जन्म १ फेब्रुवारी १९१५ रोजी हुगळी जिल्ह्यातील गरीबाटी नावाच्या खेड्यात झाला. वडिलांचे छोटेसे दुकान. घरात शिक्षणाची परंपरा नव्हती. एका काकांनी हात दिला म्हणून शाळा सुटली नाही. जिल्ह्याची शिष्यवृत्ती मिळवून ते हुगळी मोहसीन कॉलेजात आणि तेथून कलकत्ता मेडिकल कॉलेजात गेले. शहरात राहण्या-जेवण्याची सोय एका गृहस्थांनी केली. १९३९ साली वैद्यकाची पदवी आणि १९४२ साली उष्णकटिबंधीय रोगांची पदविका त्यांनी घेतली. विकृतिशास्त्र व जंतुशास्त्राचे प्राध्यापक मणींद्रनाथ दे यांना हा अबोल तरुण आवडला. त्यांनी त्याला आपल्या विभागात ओढले आणि पुढे आपली कन्याही त्यास दिली.

१९४७ साली, देश स्वतंत्र होत असताना, डॉ. दे लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलच्या वैद्यकीय विद्यालयात सर रॉय कॅमेरन यांच्याकडे संशोधनासाठी गेले. तेथे त्यांचे काम होते ते फुफ्फुसात पाणी का साचते यावर. १९४९ साली पीएच. डी. घेऊन ते परतले. चरित्रे लिहिणारे या दोन वर्षांवरून घाईने पुढे जातात. मला ती फार मोलाची वाटतात. शरीरातील पाणी आपली जागा सोडून जेथे असू नये तेथे कसे जमते, हा प्रश्न त्यांच्या अंगवळणी तेथे पडला. प्राण्यावर प्रयोग करून, शेजारी तुलनेचा प्राणी ठेवून, एकेक शक्यता वजा करीत जाण्याची शिस्तही तेथलीच.

परत आल्यावर नीलरतन सरकार मेडिकल कॉलेजात त्यांची नेमणूक झाली. कलकत्त्यात पटकीचे रोगी शोधावे लागत नसत. प्रथम त्यांनी पटकीने मेलेल्यांची मूत्रपिंडे तपासली, कारण पुष्कळ रोगी जुलाब थांबल्यावर लघवी बंद होऊन दगावत. अंगातले पाणी आटल्याने मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा बिघडतो, या दिशेने त्यांचे निरीक्षण गेले. म्हणजे मुळाशी पुन्हा पाणीच होते. मग प्रश्न उरला तो हा, की हे पाणी आतड्यात येते कसे?

आता त्यांचा प्रयोग सांगतो. विद्यार्थ्यांनी तो नीट ऐकावा, कारण तो समजायला आठवीचे विज्ञान पुरते. एक ससा घ्यायचा, त्याला एक दिवस उपाशी ठेवायचा. भूल देऊन पोट उघडायचे. लहान आतड्याचा सुमारे चार इंचांचा तुकडा निवडून त्याची दोन्ही टोके रेशमी दोऱ्याने बांधायची. तुकडा कापायचा नाही. त्याचा रक्तपुरवठा चालू राहिला पाहिजे. आपण सणासुदीला करंजीच्या दोन्ही कडा दाबून बंद करतो तशी ही बंद पिशवी झाली. तिच्यात पटकीच्या जंतूंचे एक मिलिलिटर द्रावण सुईने सोडायचे. त्याच सशाच्या शेजारच्या, तशाच बांधलेल्या दुसऱ्या तुकड्यात जंतू नसलेला निरुपद्रवी द्रव सोडायचा. पोट शिवायचे. दुसऱ्या दिवशी पाहायचे.

दुसऱ्या दिवशी जंतू घातलेला तुकडा टम्म फुगलेला असे आणि आत तांदळाच्या धुवणासारखे पाणी असे. कॉलऱ्याच्या वॉर्डात काम केलेल्या कोणालाही ते पाणी ओळखू आले असते. शेजारचा तुकडा मात्र होता तसाच, चपटा. एकाच प्राण्यात, एकाच रक्तावर, दोन बोटांच्या अंतरावर, रोग आणि निरोग शेजारी शेजारी! डी. एन. चटर्जी यांच्यासह डॉ. दे यांनी हा निबंध १९५३ साली प्रसिद्ध केला. जो रोग आतड्याचा, तो आतड्यातच तपासायला हवा, ही गोष्ट आज आपल्याला इतकी उघड वाटते की एवढ्या काळात ती कोणाला सुचली कशी नाही याचेच नवल वाटावे. प्रामाणिकपणे सांगायचे तर १९१५ साली दोन संशोधकांनी सशाच्या आतड्यावर असाच प्रयोग केला होता. पण त्यांचा निबंध विस्मृतीत गेला आणि कोणी तो धागा पुढे नेला नाही.

१९५५ साली डॉ. दे कलकत्ता मेडिकल कॉलेजात विभागप्रमुख झाले आणि १९७३ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. १९५६ साली याच बांधलेल्या आतड्यात त्यांनी जुलाबाच्या रोग्यांपासून मिळविलेले एश्चेरिशिया कोलाय जातीचे जिवाणू घालून पाहिले, तर काही वाणांनी तेच करून दाखविले. तान्ह्या मुलांच्या आणि प्रवाशांच्या जुलाबांमागे या जिवाणूंचे विष असते, हे ज्ञान पुढे एका दशकाने जगात रूढ झाले. त्याचे बीज या निबंधात आहे.

पण मुख्य प्रश्न उरलाच होता. तुकडा फुगतो तो जिवंत जंतूंमुळे, की त्यांनी सोडलेल्या कशामुळे? त्यासाठी डॉ. दे यांनी जंतू द्रवात वाढविले आणि तो द्रव जंतूही पार होणार नाहीत अशा गाळणीतून गाळला. गाळलेल्या द्रवात एकही जंतू नाही याची खात्री करून घेतली आणि तोच द्रव बांधलेल्या आतड्यात सोडला. आतडे फुगले! जंतू नसतानाही पटकी झाली. कॉखनी पंचाहत्तर वर्षांपूर्वी ज्याचा केवळ तर्क केला होता ते विष आता बाटलीत होते. ३० मे १९५९ च्या 'नेचर' साप्ताहिकात हा निबंध आला. त्याखाली एकच नाव होते.

येथे मुंबईचा उल्लेख केला पाहिजे, आणि तो मी मराठी श्रोत्यांपुढे बोलतो आहे म्हणून करीत नाही. परळच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्त आणि त्यांचे सहकारी ससाच घेऊन, पण निराळ्या वाटेने, याच प्रश्नाशी झुंजत होते. दत्त आणि हब्बू यांनी १९५५ साली दाखविले की मोठ्या सशाला न होणारी पटकी सशाच्या तान्ह्या पिल्लाला होते. १९५९ सालीच दत्त, पानसे आणि कुलकर्णी यांनी जंतूंच्या अर्कानेही पिल्लांमध्ये पटकीसारखे जुलाब होतात हे प्रसिद्ध केले. एकाच वर्षी, एकाच देशात, दीड हजार किलोमीटर अंतरावरच्या दोन प्रयोगशाळा परस्परांवाचून एकाच ठिकाणी पोहोचल्या. डॉ. दे यांची मांडणी अधिक निखळ होती असे माझे मत आहे. गाळणीच्या पलीकडे वादाला जागा उरत नाही. तथापि परळच्या त्या मंडळींचे श्रेय कमी लेखणे अन्यायाचे होईल. श्रेयाची वाटणी करताना आपण एकाला सिंहासनावर बसवितो आणि बाकीच्यांना सतरंजीवर. सतरंजीवर बसलेल्यांनी क्षमा करावी.

पुढच्या घटना वेगाने घडल्या, पण बहुतेक परदेशांत. बँकॉकमध्ये काम करणाऱ्या गँगरोसा आदी संशोधकांनी जिवंत रोग्यांच्या आतड्याचे सूक्ष्म तुकडे काढून पाहिले आणि १९६० साली जाहीर केले की आतली त्वचा शाबूत आहे. ती सोललेली नाही, जळलेली नाही. शवविच्छेदनात जी सोललेली दिसे ती मृत्यूनंतर सडल्यामुळे. आमांशात आतड्याला दाह होतो, व्रण पडतात, रक्त पडते. पटकीत तसे काही नाही. येथे पेशी निरोगीच असतात, विषाच्या हुकमाने त्या पाणी बाहेर टाकीत राहतात एवढेच. १९६९ साली अमेरिकेत फिंकेलस्टाइन आणि लोस्पालुटो यांनी ते विष शुद्ध स्वरूपात वेगळे केले. हे प्रथिन दोन भागांचे. एक पाच पाकळ्यांचा भाग पेशीला धरून ठेवतो, तर दुसरा आत शिरून एका विकराची कळ उघडी ठेवतो. ती कळ बंद होत नाही म्हणून पेशीतून क्लोराइड आणि त्यामागून पाणी वाहत राहते. मोठ्या माणसाच्या शरीरातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते. विष शुद्ध करण्याचा प्रयत्न डॉ. दे यांनीही केला होता. पण त्यासाठी लागणारी उपकरणे त्यांच्या हाती नव्हती.

आता आत्याबाईंच्या तांब्याकडे वळू. आतड्याची त्वचा शाबूत असेल तर ती पाणी शोषूही शकेल. साखर आणि मीठ बरोबर असले तर पेशी दोन्ही एकदम आत घेतात आणि पाणी त्यांच्यामागे येते, ही व्यवस्था रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडली. पटकीच्या विषाचा या दारावर काही परिणाम होत नाही. त्याच्याही आधी, १९५३ साली, कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी तोंडावाटे मीठ-साखरेचे पाणी देऊन रोगी बरे केल्याचे लिहिले होते. पण ते का लागू पडते याचा उलगडा त्या वेळी नव्हता म्हणून त्याकडे लक्ष गेले नाही. १९६८ साली ढाक्यात नालिन आणि कॅश यांनी मोजमापासह ते सिद्ध केले. मग १९७१ आले. बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामातील निर्वासितांचे लोंढे सीमेवर बनगावला पोहोचले, पटकी पसरली आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महलनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या बांधून पिंपांत पाणी कालविले आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितले. छावण्यांत शेकडा ३० च्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या रोग्यांत शेकडा ३.६ वर आले. ज्या पाण्यावाचून आमच्या घरातली ती माणसे गेली, तेच पाणी चिमूटभर मीठ आणि मूठभर साखर घालून औषध ठरले.

इतके सारे ज्यांच्या शोधाने सुरू झाले त्या डॉ. दे यांचे काय झाले? वाचून वाईट वाटेल असे फारसे काहीच झाले नाही. वाईट वाटते ते त्यामुळेच. ते रोज महाविद्यालयात जात, शिकवीत, शवविच्छेदने करीत. १९६१ साली पटकीवरचा त्यांचा ग्रंथ विलायतेत छापला गेला. देशातील एकाही विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले नाही. कोणतेही मोठे पारितोषिक हयातीत मिळाले नाही. ते परिषदांना जात नसत, कोणाला पत्रे लिहून आपल्या निबंधाकडे लक्ष वेधीत नसत, असे त्यांचे परिचित सांगत. हे कारण मला अपुरे वाटते. संकोची माणसे सगळ्याच देशांत असतात. त्यांना शोधून काढण्याचे काम इतरांचे. आपल्याकडे मात्र बाहेरच्याने पाठ थोपटल्यावाचून घरच्याची ओळख पटत नाही, आणि त्यांच्या बाबतीत बाहेरच्यांनीही पाठ थोपटायला वीस वर्षे लावली.

१९७८ साली स्टॉकहोममध्ये नोबेल प्रतिष्ठानाच्या वतीने पटकी आणि तत्सम जुलाबांवर परिसंवाद झाला, तेव्हा त्यांना सन्मानाने बोलाविण्यात आले. तेथे ते म्हणाले की साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच आपण मेलो होतो. या समितीने आपल्याला उकरून बाहेर काढले आणि या दोन दिवसांत पुन्हा जिवंत होत असल्यासारखे वाटते आहे. सभेत हशा झाला असेल. मला मात्र हे वाक्य मोठ्याने वाचणे जड जाते. १९५८ चे नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी पुढे सांगितले की त्यांनी डॉ. दे यांचे नाव नोबेल पारितोषिकासाठी एकाहून अधिक वेळा सुचविले होते. निवृत्तीनंतर डॉ. दे बोस इन्स्टिट्यूटमध्ये काम करीत राहिले. १५ एप्रिल १९८५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी यूजीन गारफिल्ड यांनी त्यांच्या कामाचे महत्त्व सांगणारा लेख लिहिला आणि १९९० साली बंगळूरच्या 'करंट सायन्स'ने त्यांच्या नावे विशेषांक काढला. डॉ. महलनबीस २०२२ साली गेले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. ते योग्यच झाले. डॉ. दे यांच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

रोग मात्र अजून आहे. १९६१ साली इंडोनेशियातून निघालेली सातवी जागतिक साथ अद्याप संपलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज वर्षाला १३ लाख ते ४० लाख रोग्यांचा आणि २१ हजार ते १ लाख ४३ हजार मृत्यूंचा आहे. जेथे पिण्याचे पाणी आणि मैला एकमेकांना भेटतात तेथे तो आजही जातो.

'नेचर'मधला तो निबंध जेमतेम दोन पानांचा आहे. त्याची एक प्रत मी येताना आणली असून ती ग्रंथपाल बाईंकडे दिली आहे. नववी-दहावीच्या मुलांना त्याचे इंग्रजी अवघड वाटू नये. काही अडले तर मी अजून याच गावात राहतो. संध्याकाळी पाचनंतर घरी असतो.